दक्षिणेचा पैसा कुणाचा?

पुण्याची पर्वती आपल्यापैकी पुष्कळांनी चढली असेल. चढताना दम लागतो, वर गेल्यावर देवदेवेश्वराचे दर्शन होते, गार वारा लागतो, आणि खाली पसरलेले शहर डोळे भरून पाहून माणूस उतरू लागतो. पण पायथ्याशी एके काळी काय होते, याची चौकशी करायला सहसा कुणी थांबत नाही. तिथे एक मोठे बंदिस्त आवार होते. त्याला रमणा म्हणत. श्रावण महिन्यात पेशव्यांची दक्षिणा या रमण्यात वाटली जाई. दूरदूरच्या गावांहून ब्राह्मण पुण्यास येत. त्यांना आवारात घेऊन दारे बंद करीत, आणि मग एकेकाला बाहेर सोडताना त्याच्या हातावर दक्षिणा ठेवीत. एकाने दोनदा हात पसरू नये म्हणून ही युक्ती!

आता तुम्ही म्हणाल, हे पेशवाईतले पुराण आज कशाला? सांगतो. आपल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक तक्रार वाचायला मिळते. अमक्या नाट्यसंस्थेला सरकारी अनुदान मिळाले, तमक्या संस्थेला मिळाले नाही. शहरातल्या संमेलनाला लाखो रुपये, आणि गावच्या भजनी मंडळाला पेटी दुरुस्त करायलाही पैसे नाहीत. अशी तक्रार वाचली की आपल्याला वाटते, हा प्रश्न अलीकडचा, लोकशाहीने आणलेला. वस्तुतः तो फार जुना आहे. विद्येला आणि कलेला सर्वांच्या पैशातून आश्रय द्यायचा, तर तो कुणाला द्यायचा आणि कुणी ठरवून द्यायचा, या प्रश्नाचा एक सबंध इतिहास महाराष्ट्रातच घडलेला आहे. त्याची सुरुवात या रमण्याच्या दारापासून होते.

दक्षिणेची ही प्रथा मुळात तळेगावच्या सेनापती दाभाड्यांच्या घरची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, आणि पुढे पहिल्या बाजीरावाने ही दक्षिणा पुण्यात चालू ठेवली. हळूहळू ती राज्याच्या वार्षिक खर्चाची एक ठरलेली बाब होऊन बसली. सरसकट सर्वांना सारखेच देत असत, असेही नव्हे. शास्त्री-पंडितांची परीक्षा होई, आणि ज्याची विद्या मोठी त्याची दक्षिणा मोठी, असा हिशेब असे. म्हणजे एका अर्थी ती विद्वानांची शिष्यवृत्तीच होती.

या वाटपाशी रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. दक्षिणा घेणाऱ्यांच्या रांगेत एकदा शास्त्रीबुवांचा सख्खा भाऊ उभा राहिला. विद्या बेताचीच. तेव्हा नाना फडणीस म्हणाले, की शास्त्रीबुवांचे बंधू आहेत, यांना थोडे अधिक द्यावे. रामशास्त्र्यांनी ते ऐकले नाही. माझा भाऊ म्हणून काही द्यायचे ते मी माझ्या घरून देईन, सरकारी दक्षिणा मात्र याच्यासारख्या इतरांना मिळते तेवढीच याला मिळेल, असा त्यांचा निवाडा. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली यालाच अर्थ आहे. वाटणाऱ्याने आपला-परका पाहू नये, ही न्यायाची पहिली पायरी लोकांना केव्हापासूनच ठाऊक होती.

पण ही पायरी रमण्याच्या आतली आहे. दाराच्या बाहेर काय होते? दाराच्या बाहेर कुणबी होता, माळी होता, साळी-कोष्टी होते, महार-मांग होते. त्यांना त्या दारातून प्रवेशच नव्हता. आणि पेशव्यांचा खजिना भरे तो कशाने? शेतसाऱ्याने, जकातींनी, मोहिमांवरून आलेल्या पैशाने. नांगर धरणाऱ्याचा सारा दक्षिणेत जाई. पण त्या दक्षिणेवर सांगण्याचा त्याचा हक्क कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. आतल्या माणसांमध्ये रामशास्त्र्यांनी तराजू कितीही सरळ धरला, तरी दारच अरुंद असेल तर त्या तराजूचा उपयोग बाहेरच्याला काय?

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल बसला. नव्या सरकारपुढे प्रश्न पडला, या दक्षिणेचे करायचे काय? एल्फिन्स्टन मोठा धोरणी माणूस. एकदम बंद केली तर पुण्याचा विद्वान वर्ग बिथरेल, हे त्याने ओळखले होते. म्हणून दक्षिणा चालू राहिली, पण आटोपशीर झाली. आणि तिच्यातला काही पैसा एका नव्या कामाकडे वळला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, ती या दक्षिणेच्याच आधारावर. पुढे तिचेच रूपांतर होत होत डेक्कन कॉलेज झाले. दान जाऊन विद्यालय आले, हा मोठाच बदल. मात्र दार अजून तेच होते. आरंभी त्या पाठशाळेत शिकणारे आणि शिकवणारे ब्राह्मणच.

त्यानंतर दक्षिणेच्या यादीत नवी नावे घेणे सरकारने बंद केले. जुने दक्षिणापात्र जसजसे वारू लागले, तसतशी त्यांची रक्कम शिल्लक पडू लागली. शिल्लक पैसा म्हटला की त्याच्याकडे चार जणांचे डोळे लागणारच. हा पैसा कुणाचा, या प्रश्नाला आता तोंड फुटले.

१८४८ सालापासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने गोपाळ हरि देशमुख आपली पत्रे लिहीत होते. फुकटच्या दक्षिणेने माणूस आळशी होतो, विद्या वाढत नाही, पाठांतर वाढते, असा त्यांचा रोख. १८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतल्या या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या अर्जात पुढाकार घेणारे बरेचसे स्वतः ब्राह्मण होते. ज्या दाराचा लाभ आपल्याच जातीला होत होता, ते दार रुंद करा असे त्यांनी म्हटले. त्यांना शिव्याशाप सोसावे लागले, बहिष्काराच्या धमक्या आल्या. अर्ज पोहोचवताना दंगा होईल अशी भीती होती, तेव्हा बावीस वर्षांचे जोतिराव फुले महार-मांग वस्तीतली शे-दोनशे माणसे संरक्षणाला घेऊन पुढे झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. रमण्याच्या दाराबाहेरच ज्यांना उभे केले होते, तीच माणसे दक्षिणेच्या न्यायासाठी उभी राहिली.

सरकारने ती मागणी पुष्कळशी मान्य केली. १८५१ साली दक्षिणा प्राईज कमिटी स्थापन झाली. मराठीत चांगले पुस्तक लिहा, कमिटीकडे धाडा, पसंत पडले तर बक्षीस घ्या, अशी ही योजना. तिचे ऋण आपण विसरता कामा नये. मराठी गद्य तेव्हा नुकते पाऊल टाकू लागले होते, आणि शास्त्रीय विषयांवरची पुस्तके, इतिहास, संस्कृत नाटकांची भाषांतरे यांना तिच्या बक्षिसांनी हात दिला. याच दक्षिणेतून पुढे कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८५९ साली असे फेलो झाले. आणि फुल्यांच्या शाळा? त्यांनाही दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपयांची मदत मिळू लागली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारतर्फे जोतिरावांना शालजोडी देऊन त्यांचा सत्कार झाला, तोही विश्रामबाग वाड्यातच. तेव्हा दार रुंद झालेच नाही असे कुणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. ते झाले. जातीच्या जागी ग्रंथ आला. तू कोण, असे विचारण्याऐवजी तू काय लिहिलेस, असे विचारायला सुरुवात झाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. खरी गोष्ट इथेच सुरू होते.

१८५५ साली जोतिरावांनी एक नाटक लिहिले. त्याचे नाव ‘तृतीय रत्न’. एक गरोदर कुणबीण, तिचा भोळा नवरा आणि त्यांच्या दारी भिक्षेला आलेला एक जोशी. जोशी ग्रहांची भीती घालतो, शांतीच्या नावाखाली त्या गरिबांना कर्जात उतरवतो, ब्राह्मणभोजन उकळतो. मधूनमधून विदूषक येऊन बोचरे बोलतो, एक पाद्री येतो, वादविवाद होतो. आणि अखेरीस काय होते? अखेरीस त्या नवरा-बायकोचे डोळे उघडतात आणि ती दोघे जोतिरावांनी काढलेल्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. बस्स, एवढेच नाटक. भाषा खेड्यातली, माणसे खेड्यातली. संस्कृत नाटकाचे भाषांतर नव्हे, पौराणिक आख्यान नव्हे. स्वतःच्या बुद्धीने, आपल्या भोवतालच्या माणसांवर लिहिलेले मराठी नाटक.

हे नाटक जोतिरावांनी दक्षिणा प्राईज कमिटीला सादर केले. कमिटीने ते नाकारले. पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’ या पुस्तकात त्यांनी या प्रसंगाचा उल्लेख केला आहे. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी त्यांची तक्रार. ही फिर्यादीची बाजू झाली, हे मान्य. नाटक म्हणून त्यात रचनेचे दोष होते असेही कुणी म्हणू शकेल. पण जरा विचार करा. नाटक ज्या वर्गावर टीका करीत होते, त्याच वर्गातली माणसे निवाड्याला बसली होती. अशा वेळी निवाडा बरोबर असला तरी तो बरोबर आहे हे लोकांना पटायचे कसे? रामशास्त्र्यांच्या गोष्टीतला न्याय इथे उलटा करून पाहा. तिथे शास्त्रीबुवांपुढे भाऊ उभा होता, इथे टीकाकार उभा होता. भावाला जास्त न देणे कठीण, हे खरे. टीकाकाराला त्याच्या हक्काचे देणे हे त्याहून कठीण.

यातली मला सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. जोतिरावांच्या शाळांना दक्षिणेतून मदत मिळाली. शाळेत जा असे सांगणाऱ्या त्यांच्या नाटकाला मात्र दक्षिणा मिळाली नाही. शाळा काढलेली चालते, मुले-मुली शिकलेली चालतात. पण शिकायला कुणी अडवले होते हे रंगभूमीवर उघड बोललेले चालत नाही! आश्रय देणाऱ्याची पुष्कळदा अशीच अडचण होते. कलेचा उपयोग त्याला हवा असतो, कलेचा डंख नको असतो.

परिणाम काय झाला? नाटक पडून राहिले. ते छापून सर्वांसमोर आले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकातून. मध्ये १२४ वर्षे गेली. मराठी रंगभूमीचा इतिहास आपण १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवरा’पासून मोजत आलो. सामाजिक नाटकाचा विचार करताना १८५५ हे साल तीन-चार पिढ्यांच्या डोळ्यांसमोर आलेच नाही. बक्षीस मिळाले असते, पुस्तक छापले गेले असते, कुणी प्रयोग केला असता, तर आपल्या नाटकाने कोणते वळण घेतले असते? अनुदान नाकारले की एका माणसाचे नुकसान होते, असे आपण समजतो. खरे नुकसान जे प्रेक्षक ते पाहूच शकले नाहीत त्यांचे होते, आणि त्याची नोंद कुठल्याही वहीत नसते.

तुम्ही म्हणाल, मग सरकारचा पैसा हवाच कशाला? कलावंताने आपल्या हिमतीवर उभे राहावे. हेही आपल्याकडे करून झालेले आहे. भाव्यांना सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि आश्रय संपला. एका माणसाच्या मर्जीवर उभी असलेली कला त्या माणसाबरोबरच निराधार होते. पुढे भावे नाटकमंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून त्यांनी खेळ केले. तिकिटाने नाटकाला स्वातंत्र्य दिले, यात शंका नाही. पण तिकीट ज्याच्या खिशात पैसा असेल त्याचेच ऐकते. जे चार वर्षांनी लोकांना कळेल, जे गरिबाच्या दारात करायचे असेल, जे जुने असून मोडत चालले असेल, त्याला तिकीट पुरे पडत नाही. म्हणून सार्वजनिक पैशाची गरज उरतेच, आणि गरज उरली की न्यायाचा प्रश्नही उरतो.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारांनी हा भार उघडपणे उचलला. १९५३ साली संगीत नाटक अकादमी, १९५४ साली साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी दिल्लीस सुरू झाल्या. मुंबई राज्याने १९५४ साली नाट्यस्पर्धा सुरू केली, आणि तिने गावोगावच्या हौशी मंडळींना रंगमंच दिला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालीच साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले, त्याच्या अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आले. आणि १९६१ साली अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. मांगवाड्यात जन्मलेला, शाळा जवळजवळ न पाहिलेला लेखक. आणि त्याची बंडखोर नायकाची कादंबरी. १८५५ ते १९६१. दार किती रुंद झाले, ते या दोन सालांवरून कळते.

पण सगळीकडे सारखे रुंद झाले का? तमाशाचे पाहा. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. मानपत्रे मिळाली, टाळ्या मिळाल्या. तरी अखेरची वर्षे त्यांनी आर्थिक विवंचनेत काढली, आणि २००२ साली त्या गेल्या. नंतर राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगले झाले. पण कलावंताच्या नावाचा पुरस्कार आणि कलावंताच्या हातातला घास यांच्यामध्ये जे अंतर पडते, ते मापण्याची पद्धत आपण अजून बसवलेली नाही.

आणि वाटणारे कोण, हा प्रश्नही मिटलेला नाही. इंग्लंडात जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली रेडिओवरूनच लोकांना सांगितले होते, की सरकार पैसा देईल, पण कलावंताला दावणीला बांधणार नाही. त्यासाठी सरकार आणि कलावंत यांच्यामध्ये एक स्वतंत्र कला परिषद असावी, ही कल्पना. कल्पना उत्तम. पण हेच केन्ससाहेब कलांना पैसा देणाऱ्या मंडळाचेही अध्यक्ष आणि लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या ऑपेरागृहाच्या विश्वस्तांचेही अध्यक्ष! देणारा आणि घेणारा एकच. लंडनला जास्त आणि बाकीच्या मुलखाला कमी, ही तक्रार तिकडे पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये निवड समितीने अनुवादासाठी जाहीर केलेला एक राज्य पुरस्कार सरकारने काही दिवसांतच रद्द केला आणि ती निवड समितीही बरखास्त केली. त्याच्या निषेधार्थ काही लेखकांनी सरकारी मंडळांचे राजीनामे दिले. त्या पुस्तकाविषयी तुमचे-माझे मत काहीही असो. परीक्षक नेमायचे, त्यांचा निवाडा आला की तो आपणच फिरवायचा, तर परीक्षकांची गरज काय? दक्षिणा प्राईज कमिटीत पंच एकाच वाड्यातले होते, इथे पंचांना मध्येच उठवले. दोष वेगळे, पण दोन्हीकडे तराजूवरचा विश्वास उडाला.

तर मग वाचकहो, आपण काय करावे? आपण सामान्य माणसे. पण पैसा आपलाच आहे, कारण रोजच्या खरेदीतून आपण कुठे ना कुठे कर भरतोच. आपल्या गावातल्या वाचनालयाला १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळत असेल, नाट्यमंडळाला स्पर्धेचा खर्च मिळत असेल, भजनी मंडळाला काहीच मिळत नसेल. पुढच्या खेपेला अनुदानांची यादी वाचाल, तेव्हा कुणाला मिळाले एवढेच पाहू नका. ज्यांना अर्ज करायचा असतो हेच ठाऊक नाही, असे आपल्या तालुक्यात कोण आहेत, तेही आठवून पाहा. निवडणारे कोण होते आणि निवडले गेलेल्यांशी त्यांचे काय नाते, हे विचारा. नाकारले त्यांना कारण लेखी दिले का, हेही विचारा. २००५ च्या माहिती अधिकाराने हे विचारण्याचा हक्क आपल्याला दिलेला आहे. जोतिरावांना तो नव्हता. त्यांना आपली तक्रार पुस्तकात छापून ठेवावी लागली.

पर्वतीच्या पायथ्याशी आज तो रमणा उरलेला नाही. पण श्रावणात कधी त्या बाजूला गेलात, तर क्षणभर थांबा. आत रांगेत उभ्या असलेल्या पंडिताची आठवण करा; तोही विद्येवर जगणारा गरीब माणूस होता, त्याला हसू नका. आणि मग दाराबाहेरच्या त्या कुणबिणीची आठवण करा. तिच्यावरचे नाटक तिच्या नातवंडांनाही पाहायला मिळाले नाही, आणि त्या खजिन्यात सारा तर तिच्याही घरचा होता.